सकाळी चालतो, दुपारी मान टाकतो : डाळिंब बागेतल्या मिनी ट्रॅक्टरचं एक प्रकरण

सांगोला तालुक्यातली सहा एकरांची डाळिंब बाग. दोन ओळींत साडेचार मीटर, दोन झाडांत तीन मीटर. सोलापूरजवळच्या केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शिफारस करतं तेच अंतर. या ओळींत मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्या मोडतात, म्हणून २४ हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा डिझेल मिनी ट्रॅक्टर. त्याच्यावर दोनच कामं : ब्लोअरने फवारणी आणि छोट्या रोटाव्हेटरने ओळींमधलं तण मारणं. डिझेलची टाकी सीटखाली, जवळपास पंपाच्याच पातळीला. म्हणजे डिझेल आपोआप उतरत नाही, फीड पंपाला ते ओढून घ्यावं लागतं. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरतं.

तक्रार मार्चच्या मध्यापासूनची. ट्रॅक्टर व्यवस्थित सुरू होतो, अर्धा-पाऊण तास काम करतो, मग आवाज वर-खाली व्हायला लागतो, ओढ जाते आणि वीस-तीस सेकंदांत इंजिन बंद पडतं. लगेच स्टार्टर मारला तर नुसतं फिरतं. पंधरा मिनिटं सावलीत उभा केला, हाताने पंप मारला की एका स्टार्टला चालू. एप्रिलमध्ये हे रोजचंच झालं.

तपासणीला हात लागेपर्यंत इतकं काम होऊन गेलं होतं : डिझेल फिल्टर दोनदा बदलला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढून सर्व्हिस केले, आणि शेवटी नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप खोलून कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप जुळवायला पाठवला. नवा फिल्टर टाकला की दोन-तीन दिवस बरे जायचे, त्यामुळे सगळ्यांचा संशय डिझेलच्या घाणीवर. पंप परत आला त्या दिवशीही दुपारी एक वाजता ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध उभा.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, त्यामुळे मिस्त्री रानात येतो तो सकाळच्या गार वेळेला. अधूनमधून बंद पडणारं इंजिन त्या वेळी धडधाकट असतं. चालू इंजिनचे भाग बदलत राहायचं, आणि दुपारी बिघाड होतो तेव्हा शेजारी कुणीच नाही, असं महिनाभर चाललं.

नोंद आधी, पाना नंतर

पहिले दोन दिवस काहीही खोललं नाही. चालकाला एक वही दिली आणि प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहायला सांगितल्या : किती वाजता सुरू केला, कोणतं अवजार, टाकी किती भरलेली, किती मिनिटांनी बंद पडला, बंद पडताना आवाज आणि धूर कसा.

पहिल्या दिवसाची नोंद अशी. सकाळी सात ते नऊ, ब्लोअर, टाकी काठोकाठ, एकदाही बंद नाही. दुपारी पाऊण वाजता रोटाव्हेटर, टाकी पाऊण, ३८ मिनिटांनी बंद. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू, या वेळी ११ मिनिटांतच बंद. संध्याकाळी पाचला रोटाव्हेटर, एक तास पाच मिनिटांनी बंद.

यावर मालकाचं म्हणणं सरळ होतं : “रोटाव्हेटरचा लोड झेपत नाही त्याला. ब्लोअरला कधी बंद पडलाय का?” बिनतोड वाटतं, पण ब्लोअर नेहमी सकाळी चालतो आणि रोटाव्हेटर दुपारी. लोड आणि ऊन या दोन गोष्टी एकत्र गुंतल्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी उलटं केलं. सकाळी साडेसहाला रोटाव्हेटर लावला. दोन तास चालला, एकदाही आचका नाही. दुपारी दीडला ब्लोअर लावला, औषधाऐवजी टाकीत नुसतं पाणी. पन्नास मिनिटांनी बंद.

म्हणजे दोष रोटाव्हेटरचा नाही, तापण्याचा. एक रुपया खर्च न करता निम्मे संशयित बाद झाले.

बंद पडताना इंजिन काय सांगतं

डिझेल इंजिन बंद पडण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार. दिव्याचं बटण दाबल्यासारखं एका क्षणात बंद झालं, तर संशय डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडवर, त्याच्या वायरीवर, किंवा सीटखालच्या सेफ्टी स्विचवर. धूर काळा होत, आवाज दबत दबत बंद झालं, तर हवा कमी पडतेय किंवा लोड खरंच जास्त आहे. एअर क्लीनर बघा. आणि रेस वर-खाली होत, पकडतो-सोडतो करत, धूर न वाढता, शेवटी थोडा पांढुरका धूर सोडून मेलं, तर त्याला डिझेल पोचत नाही. चौथाही एक प्रकार आहे : तापून जाम होणं. त्यात इंजिन जड होत थांबतं आणि स्टार्टरने फिरायलाही कुरकुरतं. तसं दिसलं तर सगळ्या चाचण्या बाजूला ठेवून आधी रेडिएटर आणि ऑइल बघायचं.

या ट्रॅक्टरला सोलेनॉइड नव्हताच. इंजिन बंद करायला ओढायची दोरी, म्हणजे स्टॉप केबल. ती अर्धवट अडकून राहते का तेही पाहिलं. लिव्हर पूर्ण परत जात होता. हँड अॅक्सिलेटर धक्क्यांनी आपोआप खाली सरकत नाही ना, हेही पाहिलं. कित्येक ‘बंद पडणाऱ्या’ ट्रॅक्टरांचा रोग एवढाच असतो की अॅक्सिलेटरच्या दांडीचा नट सैल झालेला असतो. इथे तो घट्ट होता. पाण्याचा काटा मधोमध, एअर क्लीनर साफ. बंद पडण्याची तऱ्हा तिसरी. डिझेल पोचत नाही.

आता ‘डिझेल पोचत नाही’ हे ऐकलं की बहुतेक मिस्त्री दोनच गोष्टी बोलतात : फिल्टर चोक (तुंबलाय), किंवा एअर धरतंय (डिझेलच्या नळीत बाहेरून हवा शिरतेय). दोन्ही कानांना सारखीच वाटतात, पण वागणूक अगदी उलटी. ओळखायचं साधन पंपावरच असतं : हाताने डिझेल चढवायचा प्रायमर, म्हणजे फीड पंपाच्या डोक्यावरची गोल खुंटी.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर ट्रॅक्टरच्या मागोमाग चालत राहणं एवढंच काम होतं. एक वाजून वीस मिनिटांनी इंजिन बंद पडलं. बंद पडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात, काहीही गार व्हायच्या आत, प्रायमरची खुंटी फिरवून मोकळी केली आणि वर ओढली. ती जड आली. सोडली की कुणी आतून ओढल्यासारखी परत खाली गेली. चार-पाच वेळा तेच.

हा स्पर्श एकदा हाताला कळला की विसरत नाही. सक्शनच्या, म्हणजे पंप टाकीकडून डिझेल ओढतो त्या बाजूला हवा शिरत असती, तर खुंटी हलकी, पोकळ लागली असती. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल केला की फेस आला असता, आणि वीस-तीस दाबांनंतरही फेस सरला नसता. खुंटी ओढायला जड आणि आपोआप परत जाते, म्हणजे पंपाच्या मागे टाकीच्या बाजूला रस्ता बंद आहे. पंप ओढतोय पण काही येत नाही. पंपाच्या पुढचा फिल्टर चोक असता तर उलट झालं असतं : खुंटी ओढायला सोपी, दाबायला जड.

तेवढ्या एका हालचालीने फिल्टर, पंप आणि नोझल तिन्ही निर्दोष सुटले. महिनाभराचा खर्च झाला होता तो नेमका या तिघांवर.

झाकण

त्याच मिनिटात दुसरा हात टाकीच्या झाकणावर. झाकण अर्धा आटा फिरवताच ‘फुस्स’ आवाज करत टाकीने हवा आत ओढली. बारीकसा आवाज, इंजिन चालू असताना ऐकू येणं शक्यच नाही.

टाकीतून डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं, बहुधा आतल्या पत्र्याच्या किंवा रबराच्या चकतीमागे लपलेलं. काळ्या रानातली धूळ, फवारणीचं शिंतोडलेलं औषध आणि वर सांडलेलं डिझेल यांचा तिथे डांबरासारखा थर बसतो. हे झाकण डिझेलमध्ये भिजत घालून आतल्या बाजूने हवा मारली, तेव्हा भोकातून हिरवट-काळा गोळा निघाला. फवारणीतल्या ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा रंग.

इथे बरेच जण तपासणी संपवतात, आणि तसा मोहही होतो. पण एक हिशेब जुळत नव्हता. वीस लिटरच्या टाकीत १८ लिटर डिझेल असेल तर वर हवा फक्त २ लिटर. भोक पूर्ण बंद असेल आणि इंजिनने अर्धा लिटर डिझेल घेतलं, तर ती २ लिटर हवा अडीच लिटरच्या जागेत पसरते आणि तिचा दाब पाचव्या हिश्शाने उतरतो. टाकी अर्धी असेल तर तेवढ्याच डिझेलला दाब पाच टक्केही उतरत नाही. म्हणजे भोक ठार बंद असेल तर ट्रॅक्टर भरल्या टाकीवर आधी बंद पडायला हवा. वहीत नेमकं उलटं होतं : काठोकाठ टाकीवर सकाळी दोन तास सुरळीत. अर्थ एवढाच की भोक पूर्ण बंद नव्हतं, सुईएवढा रस्ता शिल्लक होता. टाकीत थोडा ओढा, म्हणजे आत खेचणारा कमी दाब, कायम राहायचा, पण तेवढ्यावर इंजिन मरत नाही.

साफ झाकण लावून चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा रोटाव्हेटर. या वेळी एक तास चाळीस मिनिटं चालला आणि मग ओढ गेली. सुधारणा मोठी, पण रोग पूर्ण गेला नाही. झाकण अर्ध सैल करून चालवलं तरी तेच. म्हणजे आणखी एक अडथळा बाकी होता.

बाहेरचा कॅन

उरलेला रस्ता दोन तुकड्यांत तोडायचा सोपा उपाय म्हणजे बाहेरची टाकी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, झाकणाला हवेसाठी भोक, तळाशी नवी डिझेलची नळी. कॅन टाकीच्याच उंचीवर, सिलेंसरपासून लांब, मडगार्डला दोरीने पक्का बांधायचा. उंच टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आणि चाचणी फसवी होते. फीड पंपाच्या आत येणाऱ्या जोडावरून मूळ नळी काढून ही नळी लावायची, आणि रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळीही कॅनमध्येच सोडायची. रिटर्न मूळ टाकीत राहिली तर कॅन अपेक्षेपेक्षा लवकर रिकामा होतो आणि नवाच घोटाळा उभा राहतो.

२४ हॉर्सपॉवरचं इंजिन अशा कामाला तासाला साधारण तीन ते साडेतीन लिटर डिझेल घेतं. मिनिटाला साठ मिलीसुद्धा नाही, कटिंग चहाएवढं. तेवढं पोचत नाही म्हणून अख्खा ट्रॅक्टर उभा राहतो.

पाचव्या दिवशी दुपारी बारा ते दोन, कॅनवर, रोटाव्हेटर पूर्ण खोलीला लावून. मध्ये एकदा कॅन भरला. इंजिन एकदाही दबलं नाही. म्हणजे पंपापासून पुढचं सगळं निर्विवाद ठीक. दोष टाकीचं तोंड ते पंप या पाऊण मीटरच्या आत. त्या पाऊण मीटरमध्ये तीनच गोष्टी : टाकीच्या तळाची जाळी, कॉक (डिझेल चालू-बंद करायची चावी) आणि नळी.

टाकी रिकामी करून जाळी काढली. तळाशी चमचाभर चिकट गाळ आणि फडक्याचे दोन धागे. डिझेल ड्रममधून कॅनमध्ये आणि कॅनमधून फडक्याने गाळून टाकीत, असा प्रवास असला की हे धागे येतातच. जाळी अर्धी मोकळी होती. कॉक ठीक.

राहिली नळी. तिच्यावर आतापर्यंत कुणी संशयच घेतला नव्हता, कारण ती नवी होती. दिवाळीच्या सुमाराला मूळ रबरी नळी उंदराने कुरतडली, तेव्हा घरात बांधकामाची पारदर्शक लेव्हल पाइप पडलेली होती, गवंडी पातळी बघायला वापरतात ती. तिचाच साठ सेंटिमीटरचा तुकडा घातला. लांबीला थोडा कमी पडला म्हणून जवळच्या वाटेने, सिलेंसरच्या नळकांड्यापासून चार बोटांवरून ओढून, पंपाजवळ एकदम वळवून बसवला. थंडीत काहीच झालं नाही. डिझेल आत दिसतं म्हणून उलट सोयीचंच वाटलं.

सहाव्या दिवशी मूळ जोडणी परत करून, दुपारी ट्रॅक्टर ओळीत चालू ठेवून, बाजूने बॅटरीचा उजेड त्या वळणावर धरला. पंचावन्नाव्या मिनिटाला नळीच्या वळणाची आतली बाजू हळूहळू बसायला लागली. आधी गोल, मग लंबगोल, मग दोन भिंती एकमेकींना चिकटून एक पांढरट रेघ. त्यानंतर दहा सेकंदांनी आवाज वर-खाली सुरू झाला. इंजिन बंद पडलं, आणि वीसेक मिनिटांत नळी हळूहळू पुन्हा गोल झाली, जणू काही झालंच नाही.

असं का होतं

लेव्हल पाइप पीव्हीसीची असते. तिला लवचीक ठेवणारा तेलकट घटक डिझेल हळूहळू काढून घेतं; म्हणून महिनोन्‌महिने डिझेलमध्ये राहिलेली अशी नळी थंड असताना कडक, पिवळसर होते. पण तापली की तीच मऊ पडते. सिलेंसरशेजारी, बॉनेटखाली, बाहेर बेचाळीस अंश असताना नळी किती तापत असेल ते हात लावताच कळत होतं. बोट टेकवून ठेवता येत नव्हतं. नळीच्या आत फीड पंपाचा ओढा आहे, बाहेर वातावरणाचा दाब आहे. मऊ नळीला बाहेरचा दाब चेपतो, आणि चेपते ती सगळ्यात कमजोर जागी, वळणावर. चेपली की रस्ता अरुंद, रस्ता अरुंद की ओढा वाढला, ओढा वाढला की आणखी चेपली. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळं झपाट्याने घडतं. इंजिन थांबलं की ओढा संपतो, नळी गार होते, गोल होते. सकाळी मिस्त्री येतो तेव्हा पुरावाच नसतो.

आता झाकण आणि नळी एकत्र ठेवून बघा. बंद होत आलेलं झाकण टाकीतच थोडा ओढा तयार करत होतं. अर्धवट भरलेली जाळी त्यात भर टाकत होती. या दोघांचा ओढा नळीवर आधीच बसलेला, त्यामुळे ती ३८ मिनिटांत चेपायची. झाकण साफ केल्यावर तेवढा भार उतरला, म्हणून तीच नळी एक तास चाळीस मिनिटं टिकली. नव्या फिल्टरनंतर दोन-तीन दिवस बरे का जायचे, त्याचं उत्तरही जवळच होतं : फिल्टर बदलताना हवा काढायला म्हणून दर वेळी टाकीचं झाकण उघडायचे, पुसायचे, टाकी भरायचे. गुण झाकणाचा, श्रेय फिल्टरला.

एक-एक दोष मोजायला गेलं तर कोणताच इंजिन बंद पाडण्याएवढा नव्हता. सक्शनच्या बाजूला ओढ्याची बेरीज होते. तीन लहान अडथळे मिळून एक मोठा होतो, आणि त्यातला एक काढला की वाटतं रोग गेला.

बुडबुड्यांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांनीच सगळ्यांना फसवलं. नळी पारदर्शक असल्यामुळे दुपारी चालकाला तिच्यात बुडबुडे दिसत होते. “एअर धरतंय, मालक, क्लिपा आवळायला पाहिजेत,” असं दोन वेगवेगळ्या मिस्त्रींनी सांगितलं आणि क्लिपा इतक्या आवळल्या की वरच्या टोकाला नळीवर कापल्याचा वळ उठला. पण हवा बाहेरून शिरतच नव्हती. डिझेलमध्ये मुळातच हवा विरघळलेली असते. ओढा वाढला की ती बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. बुडबुडे दिसले की एअर लीक, असं समीकरण मांडण्याआधी प्रायमरचा हात बघायचा.

काढलेल्या नळीची एक खात्री घरीच करता येते. तुकडा पुसून, चहाच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा, एक टोक बोटाने दाबा आणि दुसऱ्या टोकाला गोठ्यातली पन्नास मिलीची सिरिंज लावून दांडा ओढा. ही नळी कागदी पिशवीसारखी चपटली. डिझेलसाठी बनवलेल्या रबरी नळीवर तोच प्रयोग केला तर ती ढिम्म हलली नाही. तोंडाने ओढून बघू नका. डिझेल घशात आणि फुफ्फुसात जाणं गंभीर असतं.

दुरुस्ती

नळी : डिझेलसाठीची, आत सुताचं जाळं असलेली रबरी नळी, आतला व्यास ८ मिलिमीटर, लांबी ८० सेंटिमीटर. दुकानात डिझेलची नळी म्हणूनच मागायची. पाण्याची, फवारणीची किंवा ठिबकची नळी तिथे चालत नाही. लांबी मुद्दाम जास्त घेतली, म्हणजे सिलेंसरपासून वीतभर दूर, चेसिसच्या आतून, मोठ्या वळणाने आणता आली. जिथे वाट जवळ येतेच, तिथे मध्ये पत्र्याची पट्टी ठोकली. पंपाजवळच्या वळणाला हाताच्या मुठीएवढी गोलाई ठेवली. टोकांना नळीच्या मापाच्या छोट्या क्लिपा, आणि त्या नळी फिरणार नाही इतक्याच आवळलेल्या.

झाकण : भोक साफ केलं, आतली रबरी चकती उलटी बसत नाही ना ते पाहिलं. झाकणाला ड्रिलने मोठं भोक पाडायची युक्ती गावोगाव चालते. ती करू नये. धूळ आणि पावसाचं पाणी सरळ टाकीत जातं, आणि पाणी नोझलपर्यंत गेलं की खरोखरच मोठा खर्च उभा राहतो.

टाकी : पूर्ण रिकामी करून दोन लिटर डिझेलने खळबळली, जाळी ब्रशने धुतली, वॉटर सेपरेटरचं पाणी सोडलं. फिल्टर जवळपास नवाच होता, तो तसाच ठेवला.

मग हवा काढणं. टाकी निदान अर्धी भरायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करून प्रायमर मारायचा. फेस जाऊन सलग धार आली की खुंटी दाबलेली असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. त्यानंतरही इंजिन पकडत नसेल तर दोन नोझलचे पाइप नट, बहुधा १७ च्या पान्याचे, एक आटा सैल करून स्टार्टर मारायचा. थेंब यायला लागले की आवळायचे. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सैल नटाजवळ बोट किंवा चेहरा नेऊ नये. नोझलच्या दाबाची धार कातडीतून आत घुसते आणि बाहेरून टाचणीएवढी जखम दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. बँजो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या आतून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट, काढले असतील तर तांब्याचे वायसर नवे टाकायचे. जुनेच वापरायचे झाले तर लालबुंद तापवून गार करून मऊ करायचे, नाहीतर तिथून खरंच एअर धरतं.

नळी, क्लिपा आणि पत्रा मिळून खर्च पाचशेच्या आत. आधीचा पंप आणि नोझलचा खर्च हजारांत होता.

तपासून बघणं

दुरुस्ती झाली हे इंजिन सुरू झाल्यावर कळत नाही. सुरू तर ते आधीही होत होतं. म्हणून परीक्षा त्याच वेळेला, त्याच कामाला : सलग तीन दुपारी, बारा ते अडीच, रोटाव्हेटर, साफ झाकण घट्ट लावून. एकदाही बंद नाही. चौथ्या दुपारी झाकणाचं भोक मुद्दाम पुन्हा थोडं बंद करून तेवढाच वेळ चालवला. त्यातही इंजिन मेलं नाही. फक्त शेवटी झाकण उघडताना फुस्स आवाज आला. झाकण एकटं दोषी नव्हतं, हे अशा रीतीने पक्कं झालं. ज्यांच्याकडे सक्शनला टी लावून बसवायचा व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढा मोजायचा काटा आहे, त्यांनी सकाळचं आणि दुपारचं वाचन शेजारी शेजारी लिहिलं तर हाच निकाल एका दिवसात मिळतो.

हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. टाकीत औषधाच्या बाटलीचं सील किंवा पातळ प्लास्टिकचा तुकडा पडला की तो मधूनच तोंडावर बसतो आणि इंजिन थांबलं की सुटतो. तेव्हा बंद पडण्याला ना वेळ असते ना ऊन. खरी एअर लीक उतारावर किंवा टाकी कमी असताना जास्त त्रास देते. इलेक्ट्रिक फीड पंप असलेल्या ट्रॅक्टरला तापल्यावर पंपच मंद होतो. कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते बंद पडल्या क्षणी टेस्ट लॅम्पने बघावं. सोलेनॉइडवाल्याचंही तसंच. पेट्रोलवर चालणाऱ्या विडरला (तण काढायच्या छोट्या यंत्राला) झाकणाचा रोग हाच, पण तापल्यावर ठिणगी जाते की पेट्रोल संपतं हे आधी वेगळं करायचं : बंद पडताच प्लग काढून बघा. प्लग ओला असेल आणि ठिणगी नसेल तर कॉइल, कोरडा असेल तर पेट्रोलचा रस्ता. प्लगची गॅप बहुतेक छोट्या इंजिनांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

वही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच राहिली. त्यात आता तीन कॉलम आहेत : दर फवारणीनंतर झाकण पुसलं का, दर पन्नास तासांनी भोकातून हवा मारली का, आणि नळी दाबून पाहिली का. जूनच्या पहिल्या आठवड्यातली नोंद : झाकणात पुन्हा हिरवा थर, साफ केला, नळी गार-गरम दोन्ही वेळा सारखीच घट्ट.